पासष्ट-दोन

आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की त्यांचा एक घोटाळा हमखास होतो. जिन्यात, लिफ्टपाशी "पासष्ट-दोन येऊन गेले का?", "ते पासष्ट-दोनांना विचारा" असं त्यांच्या कानावर पडतं आणि ती मंडळी पासष्ट नंबरचा फ्लॅट शोधत सुटतात. फ्लॅट आहेत एकंदर अठ्ठेचाळीस. पासष्ट-दोन हा आमच्यातला एक माणूस आहे. भारताच्या संविधानातल्या पासष्टाव्या कलमाचं दुसरं पोटकलम त्यांच्या तोंडी इतक्या वेळा येतं की त्यांचं पाळण्यातलं नाव आता विजेच्या बिलावरच काय ते उरलंय. लहान मुलं तर सरळ 'पासष्टकाका' म्हणतात. काका आहेत चौऱ्याहत्तरीचे, त्यामुळे ते खूश.

पोटकलम तसं एवढंसं आहे. राष्ट्रपती गैरहजर असतील, आजारी असतील किंवा आणखी कशामुळे काम बघू शकत नसतील, तर ते परत रुजू होईपर्यंत ते काम उपराष्ट्रपतींनी बघायचं. आपण सगळ्यांनी हे नागरिकशास्त्राच्या दोन मार्कांसाठी पाठ केलं आणि पेपर टाकून बाहेर येईपर्यंत विसरलो. काका विसरले नाहीत. कुठलीही बातमी ऐकली की त्यांना पहिला प्रश्न एकच पडतो: "ते सगळं ठीक आहे हो, पण चार्ज कुणाकडे?"

पंतप्रधान परदेशी निघाले, चार्ज कुणाकडे? कर्णधार पायात गोळा येऊन मैदानाबाहेर गेला, चार्ज कुणाकडे? दूधवाला गावच्या जत्रेला चाललाय म्हणतो, ते जाऊ दे खुशाल, पण रतीब कोण घालणार? एकदा मंगल कार्यालयात मुहूर्ताला वीस मिनिटं उरली आणि गुरुजी ट्रॅफिकमध्ये अडकलेले. वधूपिता घामाघूम, मामा फोनवर ओरडतोय, आणि काका शांतपणे शेजारच्या हॉलमधले, मुंज आटोपून दक्षिणा मोजत बसलेले गुरुजी हाताला धरून घेऊन आले. "हे अतिरिक्त कार्यभार सांभाळतील," एवढंच म्हणाले. मंगलाष्टकं वेळेवर झाली. मूळचे गुरुजी पोचल्यावर काकांनी दोघांना समोरासमोर उभं करून रीतसर चार्ज परत द्यायला लावला. त्या वेळी मात्र वधूपित्यानं त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं.

हे कधी कधी फार होतं. आमचे खजिनदार अचानक गेले तेव्हा खाली गर्दीत, सगळे मान खाली घालून उभे असताना, काका माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "चेकवर दुसरी सही आता कोणाची?" मी त्यांच्या हातावर जोरात दाबलं. पुढल्या आठवड्यात जिन्यातल्या दिव्यांचं आणि पाण्याच्या मोटरचं बिल भरायची वेळ आली, चेकला दोन सह्या लागतात, एकच उरलेली, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खिशातून ठरावाचा मसुदा काढून टेबलावर ठेवला. तो त्यांनी अंत्यविधीहून आल्याच्या संध्याकाळीच लिहिलेला होता, हे मला नंतर काकूंकडून कळलं.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. काका मूळचे मिरजेचे, महसूल खात्यातून निवृत्त झालेले नायब तहसीलदार. तहसीलदारसाहेब रजेवर गेले, बदलून गेले, ट्रेनिंगला गेले की चार्ज काकांकडे. तीन तालुके त्यांनी असे सांभाळले. दुष्काळातली टँकरची यादी, निवडणुकीच्या पेट्या, कुठल्या तरी गावच्या यात्रेतला बंदोबस्त, सगळं केलं. कायम तहसीलदार काही झाले नाहीत. बढतीची यादी निघाली ती ते निवृत्त झाल्यावर. चार्ज देताघेताना भरायच्या कागदाला त्या खात्यात सगळे सी.टी.सी. म्हणतात. त्या कागदाची भाषा काकांच्या अंगात इतकी मुरली आहे की अजूनही "परवा मध्यान्होत्तर येतो" असं म्हणतात, म्हणजे दुपारी चहाला. सोसायटीचे अध्यक्ष मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाले तेव्हा काकांनी त्यांच्याकडून कार्यभार हस्तांतरणाची यादी करून घेतली. ती मी पाहिली आहे. 'मोटरची किल्ली – १. शिक्का – १. स्टॅम्प पॅड – १ (कोरडे).' अध्यक्षांची टॅक्सी खाली हॉर्न वाजवत होती आणि काका त्यांना 'कोरडे' या शब्दापुढे छोटी सही करायला सांगत होते.

चार्ज कसा घ्यावा, याचे त्यांचे आदर्श ठरलेले आहेत. पहिला भरत. "चौदा वर्षं! आणि विशेष वेतन शून्य." दुसरे न्यायमूर्ती हिदायतुल्ला. इथे मात्र कट्ट्यावरच्या मंडळींनी मांडी घालून बसायची तयारी ठेवावी लागते, कारण १९६९ चा उन्हाळा सुरू होतो.

काका तेव्हा सांगलीला कॉलेजात होते आणि खोलीत चौघांत मिळून एक रेडिओ होता. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी त्याच दिवशी कार्यभार घेतला. इथवर घटनेत सोय होती. "पण मग दिल्लीत कुणाच्या तरी लक्षात आलं," काका आवाज खाली आणतात, "की गिरीही नसले तर?" सत्तरावं कलम म्हणतं की अशा न सांगितलेल्या प्रसंगांची सोय संसदेनं करावी. एकोणीस वर्षं ती कुणी केलेली नव्हती. मे महिना संपायच्या आत कायदा झाला: राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती दोन्ही जागा रिकाम्या असतील तर सरन्यायाधीश, आणि तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयातले हजर असलेले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश. शाई वाळते न वाळते तोच कायद्याची गरज पडली. गिरींना राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढवायची होती. १९ जुलैला त्यांनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली आणि २० जुलैला राजीनामा दिला.

"आता बघा," काका म्हणतात आणि चष्मा काढून पुसायला घेतात. चष्मा स्वच्छच असतो. "राष्ट्रपतींनी राजीनामा उपराष्ट्रपतींकडे द्यायचा. उपराष्ट्रपतींनी राष्ट्रपतींकडे. गिरी उपराष्ट्रपती, आणि राष्ट्रपतींचं काम बघणारेही गिरीच. मग कागद ठेवायचा कुणाच्या टेबलावर?" मग ते सगळ्यांकडे आळीपाळीने बघतात. हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा रात्री बराच वेळ जागा होतो, हे खरं आहे. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "उठायचं, टेबलाला वळसा घालून पलीकडे जायचं, ठेवायचा. त्यात काय?"

त्याच २० जुलैच्या रात्री माणूस चंद्रावर उतरला. चौघांतले तिघं रेडिओला कान लावून आर्मस्ट्राँगची वाट बघत होते आणि काकांना दिल्लीची बातमी परत ऐकायची होती. त्यावरून खोलीत भांडण झालं, ते तिघांपैकी एकाशी अजून मिटलेलं नाही. तर हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपुरात वकिली केलेली, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. सरन्यायाधीश असताना २० जुलैपासून २४ ऑगस्टपर्यंत पस्तीस दिवस राष्ट्रपतींच्या खुर्चीत. तेवढ्यात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन भारतात येऊन गेले; त्यांचं स्वागत यांनी केलं. इकडे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती जे. सी. शहा प्रभारी सरन्यायाधीश. राज्यसभेत सभापतींची खुर्ची उपसभापती व्हायोलेट आल्वा सांभाळत होत्या. "वरून खालपर्यंत सगळे प्रभारी, आणि देश चालला होता की नाही?" काकांच्या आयुष्यातला हा सुवर्णकाळ आहे. पुढे हिदायतुल्ला उपराष्ट्रपती झाले आणि १९८२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती झैलसिंग हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले तेव्हा पुन्हा त्याच खुर्चीत बसले. पहिल्यांदा १९६९ च्या कायद्याच्या दारातून, दुसऱ्यांदा पासष्ट-दोनच्या. दोन दारांनी एकाच खोलीत गेलेला दुसरा माणूस दाखवा, असं काकांचं उघड आव्हान आहे. अजून कुणी ते घेतलेलं नाही.

बी. डी. जत्तींचा विषय निघाला की मात्र काकांचा आवाज मऊ होतो. एक तर ते जमखंडीकडचे, सावळगीचे. पटवर्धनांचं संस्थान, कायद्याचं शिक्षण कोल्हापुरात, विलीनीकरणानंतर मुंबई राज्यात उपमंत्री. मिरजेच्या माणसाला ते घरचेच वाटणार. ११ फेब्रुवारी १९७७ ला राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले आणि २५ जुलैला नीलम संजीव रेड्डी येईपर्यंत चार्ज उपराष्ट्रपती जत्तींकडे होता. काळ कसला, तर निवडणूक झाली, केंद्रात पहिल्यांदाच काँग्रेस हरली, आणीबाणी उठली, २४ मार्चला मोरारजी देसाईंना शपथ दिली ती जत्तींनी. एप्रिलअखेर नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करायचा कागद त्यांच्यापुढे आला. जत्तींनी लगेच सही केली नाही. एक दिवस कागद अडला, दिल्लीत धावपळ झाली, मग ३० एप्रिलला सही झाली. "शेवटी केलीच ना?" असं आमच्यातला एक जण म्हणाला तेव्हा काका दोन दिवस कट्ट्यावर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "प्रभारी आहे म्हणून कागद न वाचता सही करील, असं कुणी समजू नये. तेवढं कळलं ना दिल्लीला? बास."

झाकिर हुसेन तिसरे राष्ट्रपती, गिरी चौथे. मधल्या पस्तीस दिवसांना क्रमांक नाही. फक्रुद्दीन अली अहमद पाचवे, रेड्डी सहावे, जत्तींना क्रमांक नाही. हे काका कधी तक्रार म्हणून सांगत नाहीत, नुसतं सांगतात. मागे एकदा आम्ही काही जण देवदर्शनाला निघालो होतो, तेव्हा त्यांनी वाटेत एका तालुक्याच्या गावी गाडी थांबवायला लावली. "पाणी प्यायचंय," म्हणाले. बाटली मांडीवरच होती. तहसील कार्यालयात साहेबांच्या खुर्चीमागे असतो तसा काळा फलक: अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत. पांढऱ्या रंगात पस्तीस-चाळीस नावं. मधेच काकांचं. अनुक्रमांकाच्या रकान्यात एक आडवी रेघ, आणि नावापुढे कंसात 'प्र.'. पेंटरनं आडनावातली वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ केलेली. काकांनी ते शिपायाच्या लक्षात आणून दिलं. शिपाई म्हणाला, "साहेब मीटिंगला गेलेत, आल्यावर सांगतो." काकांनी लगेच विचारलं, "मग चार्ज कुणाकडे?"

तर असा हा माणूस. आता त्याची ठसठस कुठे आहे ती सांगतो. पासष्ट-दोन म्हणतं, राष्ट्रपती काम करू शकत नसतील तेव्हा. पण 'करू शकत नाहीत' हे ठरवायचं कुणी, ते घटनेत कुठेच लिहिलेलं नाही. "राष्ट्रपती बेशुद्ध पडले, तर 'मी बेशुद्ध आहे' असं लिहून कोण देणार?" हा प्रश्न त्यांनी दोन खासदार, एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि आमच्या कौटुंबिक डॉक्टरांना विचारला आहे. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला. या बाबतीत काकांना अमेरिकेचा हेवा वाटतो. तिथे १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनं सगळं बांधून दिलंय: अध्यक्षानं स्वतः लेखी कळवलं तर असं, आणि तो कळवण्याच्या स्थितीत नसेल तर उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळातल्या बहुमतानं तसं. बेल्जियमचीही गोष्ट त्यांना आवडते. १९९० च्या एप्रिलात राजे बोदुआँ गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला तयार होईनात, सद्सद्विवेक आड आला. तेव्हा मंत्रिमंडळानं राजाच राज्य करायला असमर्थ आहे असं जाहीर केलं, स्वतः सह्या केल्या, आणि मग संसदेनं राजाला परत गादीवर बसवलं. "दीड दिवसाच्या गणपतीसारखं विसर्जन," काका म्हणतात, "आणि लगेच पुनरागमनाय च."

पण त्यांच्या मनात घर केलं ते १९ नोव्हेंबर २०२१ नं. त्या दिवशी बायडेन यांची कोलोनोस्कोपी होती. भूल द्यायची म्हणून त्यांनी रीतसर लेखी अधिकार सोपवले आणि कमला हॅरिस पंच्याऐंशी मिनिटं अमेरिकेच्या प्रभारी अध्यक्ष होत्या. त्याआधी धाकट्या बुशनीही २००२ आणि २००७ मध्ये याच तपासणीसाठी हेच केलं होतं. पुढे यथावकाश डॉक्टरांनी काकांनाही कोलोनोस्कोपी सांगितली. दुसरा कुणी घाबरला असता. काका घरी येऊन टेबलाशी बसले.

पत्राच्या दोन प्रती निघाल्या, कारण अमेरिकेतही दोघांना कळवावं लागतं. एक बंगळूरच्या मुलाला, एक कोथरूडच्या मुलीला. 'भूल दिल्यापासून शुद्धीवर येऊन लेखी कळवेपर्यंत कुटुंबप्रमुखाची कर्तव्ये व अधिकार सौ. कडे सोपवीत आहे.' सोबत यादी: कपाटाची किल्ली, गॅसचं पुस्तक, मुदतठेवींची डायरी, डास मारायची रॅकेट (चार्ज केलेली). मुलानं उलट टपाली अंगठा पाठवला. काकूंनी सही कुठे करायची ते विचारलं आणि खिचडी लावायला गेल्या.

तपासणी नीट झाली, काही निघालं नाही. पण ते आत असताना काकूंना घरून सुनेचा फोन आला. दारात रद्दीवाला उभा आहे, बाल्कनीतल्या गठ्ठ्यांचं काय करू? त्या गठ्ठ्यांत कैक वर्षांचे 'लोकराज्य'चे अंक, जुनी शासकीय परिपत्रकं आणि काकांनी कापून ठेवलेली कात्रणं होती. काकूंनी एक क्षणही न घालवता सांगितलं, "सगळं देऊन टाक."

संध्याकाळी घरी आल्यावर काका बाल्कनीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी नेमका तेव्हाच विचारपूस करायला गेलो होतो. काका म्हणाले, "अगं, प्रभारी माणसानं रोजचं काम बघायचं असतं. धोरणात्मक निर्णय घ्यायचे नसतात. संकेत आहे."

काकू लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पासष्ट-तीन."

काका गप्प.

"कार्यभार बघत असेपर्यंत सगळे अधिकार, सगळ्या उन्मुक्ती, आणि पगार-भत्तेसुद्धा. चाळीस वर्षं ऐकतेय. आणि गिरींनी जाता जाता चौदा बँका घेतल्या होत्या, मी चार गठ्ठे दिले." मग माझ्याकडे वळून, "चहा घेणार ना? सव्वाचारशे रुपये आलेत."

काकांनी वाद घातला नाही. उत्तर घटनेला धरून होतं, त्यापुढे त्यांचा इलाज नसतो. दुसऱ्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले, "पाठ आहे हो तिला." त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे मला वेगळं काढता आलं नाही.

२१ जुलै २०२५ ला रात्री माझ्या दारावरची बेल वाजली. पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस, आणि उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिलेला. काका पायजम्यावरच आले होते. "राष्ट्रपती आहेत. उपराष्ट्रपती नाहीत. पुढचा कोण?" मी म्हणालो, "सरन्यायाधीश." "आणि सरन्यायाधीश कोण?" मी उत्तर द्यायच्या आत तेच म्हणाले, "गवई! आपले अमरावतीचे!" पुढले सातएक आठवडे त्यांनी टीव्हीसमोरून हलायचं नाव काढलं नाही. राष्ट्रपती कुठल्या समारंभात जराशा खोकल्या असं वाटलं तरी ते पुढे सरकून बसत. शेवटी काकूंनी दटावलं, "त्या बाईंच्या तब्येतीवर टपून बसू नका, बरं दिसत नाही." १२ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन यांचा उपराष्ट्रपती म्हणून शपथविधी झाला. काकांचं तोंड उतरेल असं आम्हाला वाटलं होतं. पण राधाकृष्णन हे तोवर महाराष्ट्राचे राज्यपाल होते. ते दिल्लीला गेल्यावर मुंबईतली खुर्ची रिकामी आणि गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार आला. काकांनी कट्ट्यावर पेढे आणले. कशाचे ते नव्या बिऱ्हाडातल्या एका मुलीनं विचारलं आणि मग तिला एकशे साठावं कलम अथपासून ऐकावं लागलं.

ही मुलगी वकील आहे, हे काकांना ठाऊक नव्हतं.

आमच्या सचिवांनी मागे राजीनामा दिला तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं काकांचं नाव सुचवलं. काका म्हणाले, कायम नको. निवडणूक होईपर्यंत प्रभारी म्हणून बघतो. मान्य. तेव्हापासून नोटीसबोर्डावर 'उद्या टाकी धुणार आहे, पाणी भरून ठेवावे' या मजकुराखाली त्यांची टपोरी सही आणि तिच्याखाली 'प्र. सचिव' असं येतं. त्या 'प्र.'ला ते रेघ मारतात. निवडणुकीचं मात्र कुणी नाव काढत नाही, काका तर नाहीच नाही. परवाच्या सभेत ती वकील मुलगी उभी राहिली. म्हणाली, "काका, राष्ट्रपतीपद रिकामं झालं तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. कलम बासष्ट. आपल्या सचिवपदाला तर वर्ष उलटलं."

सभागृहात, म्हणजे पार्किंगमध्ये, शांतता पसरली. काकूंनी विणकाम थांबवलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सहा महिन्यांची मुदत राष्ट्रपतीपदाला आहे," ते म्हणाले. "उपराष्ट्रपतीपदाला नाही. कलम अडुसष्ट बघा. तिथं फक्त 'शक्य तितक्या लवकर' म्हटलंय. सचिवपद हे मी उपराष्ट्रपतीच्या धर्तीवर धरतो." आणि घड्याळ बघून उठले, कारण टाकी भरत आली होती आणि मोटरची किल्ली त्यांच्याकडे होती.